तापलेल्या यंत्राची कैफियत

मराठवाड्यात जमीन खोदण्याचा हंगाम आणि उन्हाचा हंगाम हे दोन्ही एकाच वेळी येतात, ही गोष्ट खोदाईची यंत्रे घडविणाऱ्या दूरदेशीच्या कारखानदाराला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. परंतु ज्याला ती यंत्रे दुरुस्त करून संसार चालवावयाचा आहे, त्याचे सारे वर्ष या एका योगाभोवती फिरत असते. होळी झाली, गहू-हरभरा घरात आला, पऱ्हाटी उपटून बांधाला लागली, की रान मोकळे होते; आणि ते मोकळे झाल्यापासून मृगाचे पहिले शिंतोडे पडेपर्यंतच्या अवधीतच विहिरीवरून वावरात न्यावयाची पाइपलाइन, मोसंबीचे खड्डे, बांधबंदिस्ती, नाल्यातला गाळ, घराचा पाया ही सगळी कामे उरकून घ्यावी लागतात. नेमक्या त्याच दिवसांत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा ४२-४३ अंशांवर आणि एखादे वर्षी त्याच्याही पुढे जातो. तोही पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीत मोजलेला. काळ्या रानात भर दुपारी घरघरत उभ्या असलेल्या यंत्राच्या पोटाशी किती अंश असतात, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

माझा वावर जिंतूर तालुक्यात, आणि त्यातही मुख्यतः जिंतूरहून मंठ्यामार्गे जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाच्या चारठाणा व भोवतालच्या शिवारांत झाला. चारठाणा हे फार जुने गाव. गावभर देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, कोरीव स्तंभ अद्याप उभा आहे, गोकुळेश्वराचे देऊळ आहे. आणि असल्या गावाच्या गल्ल्या कोणा यंत्राची रुंदी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या नसतात. मोठा जेसीबी पहिल्या वळणावरच अडतो. म्हणून २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर होऊन घरोघर नळ देण्याचे ठरले आणि पाइप गाडण्यासाठी गल्लोगल्ली चर काढण्याची वेळ आली, तेव्हा तीन ते पाच टन वजनाच्या, रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या लहान खोदयंत्रांची आमच्याकडे चलती झाली. लोक त्याला छोटे पोकलेन म्हणतात; मीही तसेच म्हणेन. (देवळाच्या आणि स्तंभाच्या जवळपास मात्र छोटेही नको, तेथे कुदळ-फावडेच चालावे, असे माझे मत आहे आणि ते मी ठेकेदारांच्या तोंडावर बोलून दाखविलेले आहे.)

या छोट्या यंत्राचा मोठेपणा आणि त्याची व्याधी एकाच ठिकाणी आहे. ते अरुंद जागेत जागच्या जागी फिरावे म्हणून त्याचा मागचा भाग आखूड ठेवलेला असतो, आणि त्या आखूड देहात इंजिन, हायड्रॉलिक पंप, पाण्याचा रेडिएटर, हायड्रॉलिक तेलाचा कूलर आणि केबिन बंद असेल तर वातानुकूलनाची जाळीसुद्धा एकमेकांना चिकटून बसविलेली असते. डिझेल इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या ऊर्जेपैकी ठोकळमानाने एक तृतीयांश प्रत्यक्ष कामाला येते, तितकीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यापैकी मोठा वाटा पाण्याच्या वाटेने रेडिएटरकडे येतो. रेडिएटर ही उष्णता हवेत फेकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात. पाणी ९५ अंशांवर आणि पौषातल्या दुपारची हवा ३० अंशांवर असेल तर हे अंतर ६५ अंशांचे; वैशाखात हवा ४३ झाली की ते ५२ उरते. म्हणजे एकही भाग न बिघडता, केवळ पंचांगाची पाने उलटल्याने, रेडिएटरची पंचमांश ताकद नाहीशी झाली. हा हिशेब मी मालकांना कागदावर मांडून दाखवितो तेव्हा ते मान डोलावतात आणि म्हणतात, "पण मागच्या उन्हाळ्यात तर तापत नव्हती." हे बोलणे रास्त असते. मागच्या उन्हाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत काय बदलले, तेच तर शोधून काढावयाचे असते.

हा धंदा मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद छोट्या पोकलेनच्या जमान्याचे नव्हते. त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत झालेले, आणि हयात विहिरींवरच्या ऑइल इंजिनांत गेलेली. त्या इंजिनांची रचना फार प्रामाणिक होती. पंपाने उपसलेल्या पाण्यापैकी थोडे पाणी एका बारीक नळीतून इंजिनाच्या अंगात जाई आणि तापून दुसऱ्या नळीतून पाटात पडे. थंडीच्या दिवसांत गडीमाणसे त्याच पाण्याने अंघोळी उरकीत. उस्ताद इंजिनापाशी आले की आधी त्या पडणाऱ्या धारेखाली हात धरीत. हात टिकला तर इंजिन निरोगी, चटका बसला तर आत कुठेतरी वाट अडलेली, आणि धार बारीक असेल तर चाळणीत शेवाळ. मग ते हत्याराला न शिवता बांधावर बसत, इंजिन चालविणाऱ्या गड्याला समोर बसवीत आणि विचारपूस आरंभीत. कालपासून की आठ दिवसांपासून? चालू केल्याबरोबर की तासाभराने? विहिरीचे पाणी खाली गेले आहे का? मला त्या वयात हा वेळेचा अपव्यय वाटे. पाना हातात घेऊन मी ताटकळत उभा असे आणि ते म्हणत, "आधी कैफियत, मग पाना."

बंदिस्त रेडिएटरच्या यंत्रात ती धार दिसत नाही. पाणी आतल्या आत फिरते, आणि बाहेर दिसतो तो केबिनमधला एक काटा; तोही पुष्कळदा खोटे बोलतो, कारण त्याच्या सेन्सरची अर्थिंगची वायर गंजलेली असते. त्यामुळे कैफियतीचे महत्त्व कमी न होता वाढले आहे, असे माझ्या अनुभवास आले. किंबहुना या सगळ्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो असे म्हटले तरी चालेल: यंत्र का तापते हे विचारण्यापूर्वी ते केव्हा तापते आणि केव्हापासून तापते हे विचारावे. 'का' याचे उत्तर सगळेच देतात. मालक देतो, शेजारचा ट्रॅक्टरवाला देतो, सुट्या भागांचा दुकानदार तर फोनवरून देतो. आणि प्रत्येकाचे उत्तर म्हणजे त्याच्या माहितीतला सर्वांत महागडा भाग असतो. 'केव्हा' याचे उत्तर फक्त एका माणसापाशी असते, तो म्हणजे ऑपरेटर, आणि त्याला कोणी विचारीत नाही.

न विचारण्याचे कारण उघड आहे. मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, यंत्र तासावर चालते, ते बंद पडले की तासाचे पैसे बुडतात आणि दोष कोणावर तरी ढकलल्यावाचून त्याला चैन पडत नाही. ऑपरेटर हे जाणून असतो, म्हणून मालकासमोर तो "काय माहीत, एकदम तापली" यापलीकडे शब्द काढीत नाही. पुढे पुढे मी एक रिवाजच पाडला. साइटवर गेलो की मालकाला डिझेलची किंवा पाण्याची व्यवस्था पाहण्यास पाठवावयाचे आणि ऑपरेटरला घेऊन चहाच्या टपरीकडे वळावयाचे. तेथे जी साक्ष मिळते ती यंत्राजवळ मिळत नाही.

असाच एकदा चारठाण्याच्या शिवारात पाइपलाइनच्या कामावर गेलो होतो. मालकाने मी पोहोचण्यापूर्वीच रेडिएटर नवा बसविला होता, वॉटर पंप बदलला होता, आणि आता हेड उघडावयाचे काय एवढाच प्रश्न तो मला करीत होता. टपरीवर ऑपरेटरला मी विचारले, "कवा तापायलीय?"

"दुपारच्याला जास्ती, मिस्त्री. पण सकाळीबी चढायलाय काटा."

"खोदताना?"

"खोदताना न्हाई. इकडून तिकडं न्यायलो की चढतो. उभी करून खोदायलो की उतरतो."

या चार वाक्यांत रेडिएटर, पंप आणि हेड तिन्ही निर्दोष सुटले. खोदताना इंजिनावर कमी भार नसतो. पाण्याच्या वाटेतच दोष असता तर यंत्र खोदतानाही तापले असते. जो ताप केवळ चालताना येतो त्याचे मूळ चालण्यात शोधावे. मी बूम आणि ब्लेड टेकवून यंत्राची एक बाजू जमिनीपासून उचलून घेतली आणि रबरी पट्टा पाहिला. त्याला मधोमध थोडी लोंब असावी लागते. येथे तो खालच्या रोलरांना घट्ट चिकटलेला होता, हाताने रेसभरही हलेना. पट्टा ताणण्याचे साधन म्हणजे आत एक सिलिंडर असतो, त्यात ग्रीस भरले की पुढचे चाक सरकते आणि पट्टा ताणला जातो. त्या ग्रीसचे निपल बाहेरून इतर निपलांसारखेच दिसते. मी विचारले, ग्रीस कोण मारतो? एक पोरगेला हेल्पर पुढे आला. तो होळीनंतर कामाला लागला होता, मोठा कष्टाळू आणि आज्ञाधारक. रोज सकाळी सगळ्या निपलांना ग्रीस मारावयाचे, असा मालकाचा हुकूम त्याने अक्षरशः पाळला होता. बूमचे, बकेटचे, आणि पट्ट्याचेही. रोज दोन-दोन पंप. पट्टा रोज थोडा थोडा आवळत गेला, चालताना मोटरांना दुप्पट ओढ लागू लागली, हायड्रॉलिक तेल तापले, त्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पुढ्यात असल्यामुळे रेडिएटरला आधीच भाजलेली हवा मिळू लागली, आणि काटा पाण्याचा चढला. झडपेची चावी सैल करून जादा ग्रीस बाहेर सोडले तेव्हा ते नळीतून पिवळ्या दोरीसारखे कितीतरी वेळ निघत राहिले. मालक त्या पोराकडे असा पाहू लागला, की मला मध्ये पडून सांगावे लागले, की हुकूम देताना निपल दाखविणे हे हुकूम देणाऱ्याचे काम आहे.

'केव्हापासून' या प्रश्नाचे महत्त्व मला पुढे आणखी एका यंत्राने पटविले. त्याची हकीकत थोडक्यात अशी, की कुठल्याशा वर्कशॉपातून इंजिनाचे काम होऊन आल्यापासून ते तापत होते आणि कोणालाच काही सापडत नव्हते. ज्या ज्या गोष्टीला त्या दुरुस्तीत हात लागला असेल तेवढीच पाहावयाची, असे ठरवून मी बसलो. आणि पंखा उलटा बसविलेला आढळला. गंमत अशी, की पंख्याची पाती उलट बाजूने बसविली तरी वाऱ्याची दिशा बदलत नाही, केवळ जोर ओसरतो. समोर कागद धरला तर तो जाळीला चिकटतो, पाहणाऱ्याची खात्री पटते की वारा आहे, आणि तपास तेथेच थांबतो. वारा आहे की नाही आणि वारा पुरेसा आहे की नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तथापि असल्या नवलाच्या गोष्टी सांगण्यास बऱ्या, पण रोजचा अनुभव निराळा आहे. आमच्याकडे दहा यंत्रे तापली तर बहुतेकांचे कारण कचरा हेच असते. तोही साधा कचरा नव्हे. कापूस वेचून झालेल्या रानात हवेत तंतू उडत असतात, सोयाबीनचा आणि गव्हाचा भुसा असतो, त्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ मिसळते, आणि हायड्रॉलिकच्या एखाद्या जोडातून तेलाचा वाफारा आला की हे सगळे मिळून जाळीवर घोंगडीच्या तुकड्यासारखे जमते. बाहेरची जाळी ऑपरेटर रोज साफ करतो, तेथे काहीच दिसत नाही. घोंगडी जमते ती तेलाचा कूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत. तेथे पोहोचावयाचे तर कूलरचे बोल्ट सैल करून तो पुढे झुकवावा लागतो, आणि अर्ध्या तासाचे हे काम 'उद्या करू' म्हणून महिनोन् महिने राहते. मी एकदा एका यंत्राच्या त्या फटीतून निघालेला थर अखंड सोलून मालकाच्या हातात दिला. त्याच्या एका अंगाला रेडिएटरच्या नळ्यांचे ठसे उमटलेले होते. त्यानंतर त्या मालकाला मला पुन्हा समजावून सांगावे लागले नाही.

साफ करण्याची रीतही महत्त्वाची आहे. हवा ज्या दिशेने आत येते तिच्या उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर, कॉम्प्रेसरची हवा मारावी. बाहेरून मारली तर कचरा अधिकच आत ठासतो. गाड्या धुण्याच्या पंपाचे जोरदार पाणी जवळून मारले तर पातळ फिन्स आडव्या पडतात आणि वाट कायमची बंद होते. मी वाकलेल्या फिन्स शिवणकामाच्या सुईने एकेक करून उभ्या केलेल्या आहेत. ते काम माणसाला विरक्तीच्या वाटेवर नेणारे आहे. आणि बॉनेट उघडे ठेवून यंत्र चालविल्याने ते थंड राहते हा जो सार्वत्रिक समज आहे, त्याविषयीही येथे सांगितले पाहिजे. रेडिएटरभोवतीचे पत्रे आणि फोमच्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. पंख्याने ओढलेली सगळी हवा जाळीतूनच जावी म्हणून त्या असतात. बॉनेट उघडले, पट्ट्या निघाल्या, की हवा सोपी वाट धरते आणि इंजिनावरून तापून आलेली हवाच पुन्हा पंख्यात शिरते.

एका शेततळ्याचे काम चालू होते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यावर मोठ्या यंत्रांनी तळी खोदावीत आणि काठ-कोपरे छोट्याने तासावेत, अशी वाटणी आमच्याकडे रूढ झाली होती. तेथले छोटे यंत्र स्लोवर ठेवले तर तासभर शांत राही. पूर्ण रेस देऊन काम सुरू केले की थोड्याच वेळात काटा लाल पट्टीत जाई. रेस कमी केली की पुन्हा उतरे. रेडिएटर साफ होता, बेल्ट ताठ होता, पाणी पूर्ण होते. वस्तुतः रेस वाढली की पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात, म्हणजे थंडावाही वाढावयास हवा. येथे उलट घडत होते, तेव्हा रेसबरोबर काहीतरी बंद होत आहे एवढे निश्चित झाले. मी ऑपरेटरला रेस वाढविण्यास सांगून रेडिएटरच्या खालच्या होजपाशी बॅटरी धरून बसलो. रेस चढत गेली तशी त्या जाड रबरी नळीच्या दोन्ही कुशी आत ओढल्या जाऊ लागल्या आणि पूर्ण रेसला ती मधोमध चपटी झाली. रेस उतरविताच ती गोल होऊन अशी बसली, जणू काही घडलेच नाही. खालच्या होजमधून पंप पाणी ओढून घेत असतो. म्हातारे झालेले रबर ती ओढ सोसत नाही, आणि ते मिटू नये म्हणून जी तारेची स्प्रिंग आत असावी लागते, ती कोणीतरी होज बदलताना परत घातलीच नव्हती. यंत्र बंद करून तपासणाऱ्याला हा दोष जन्मात सापडला नसता. ज्या स्थितीत दोष प्रकट होतो त्याच स्थितीत तो पाहावा लागतो, आणि त्यासाठी पुष्कळदा भर दुपारी, गरम इंजिनाजवळ, कान आणि डोळे उघडे ठेवून नुसते बसावे लागते. पाहणाऱ्याला ते बसणे आळसासारखे दिसते.

आता थर्मोस्टॅटविषयी, ज्याला आमच्याकडे 'वॉल' म्हणतात. यंत्र तापले की पहिला वॉल काढून फेकावयाचा, ही आमच्या मुलखातली परंपरा इतकी बळकट आहे, की नव्या यंत्राचाही वॉल खबरदारी म्हणून काढणारे लोक मला भेटलेले आहेत. वॉल पाण्याची वाट अडवितो, अडविणारी वस्तू काढली की वाट मोकळी होते, असा हा सरळ तर्क. परंतु वॉल बंद असताना पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरावे म्हणून एक आडवाट ठेवलेली असते, आणि पुष्कळ इंजिनांत वॉल पूर्ण उघडला की तोच ती आडवाट मिटवितो. वॉलच काढून टाकला तर आडवाट सदैव उघडी राहते, गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो, आणि थंडाव्यासाठी केलेला उपाय तापाला खतपाणी घालतो. हिवाळ्यात तेच इंजिन वाजवीपेक्षा गार राहून झिजते ते निराळेच. वॉल चांगला की वाईट हे पाहण्यास दुकानदाराची गरज नाही. पातेल्यात पाणी घ्यावे, वॉल दोऱ्याने बांधून तळाला न टेकेल असा सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि चूल पेटवावी. वॉलवर आकडा कोरलेला असतो, बहुधा ७१ ते ८२ अंशांच्या दरम्यानचा. त्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी उकळण्याच्या सुमारास चांगला उघडला, तर तो निर्दोष समजावा. हा प्रयोग मी अनेकांच्या अंगणात, त्यांच्याच चहाच्या पातेल्यात केला आहे. घरच्या बायकांनी त्या पातेल्याचे पुढे काय केले ते विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही.

पाण्याची गोष्ट याला जोडूनच येते. आमच्या बोअरचे पाणी जड. हंड्याच्या तळाला पांढरा थर धरणारे. तेच पाणी डबड्याने रेडिएटरमध्ये ओतले जाते, आणि जो थर हंड्यात दिसतो तोच न दिसता इंजिनाच्या अंगात बसतो. क्षाराचे हे पुट लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहू देते, त्यामुळे पाणी थंड दिसते आणि धातू भाजत राहतो. कूलंट ही श्रीमंती चैन आहे असे मानणारा मालक डिझेलवर हजारो रुपये विनातक्रार खर्च करतो. निदान जारचे शुद्ध पाणी तरी घाला, अशी विनवणी करून मी थकलो. अलीकडे तरुण ऑपरेटर ऐकू लागले आहेत. त्यांच्या मालकांविषयी तेवढे म्हणवत नाही.

हायड्रॉलिक तापाची एक बाजू माणसाच्या सवयीची आहे. कठीण बसाल्ट लागला की बकेट काढून ब्रेकर जोडतात, आणि काही ऑपरेटरांना दगड फुटेना झाला तरी लिव्हर दाबून धरण्याची सवय असते. सिलिंडर शेवटाला पोहोचल्यावर लिव्हर धरून ठेवला, की तेल रिलीफ वॉलमधून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या झडपेतून, निसटू लागते आणि इंजिनाची सगळी शक्ती काम न करता निव्वळ उष्णतेत जाते. त्या वेळी इंजिनाचा आवाज दबतो आणि एक बारीक शीळ येते. ती ऐकू आली की लिव्हर सोडावा, एवढेच शिकवावयाचे असते. हे शिकविण्यासाठी मला कोणी कधी बोलाविले नाही. बोलावतात ते तेलाचे सील गेल्यावर.

एक गोष्ट मात्र मी विनोदाने सांगू शकत नाही. रेडिएटरचे झाकण दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.९ किलो दाब धरते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरविले, दाब गेला, की ते सगळे पाणी एकदम उकळी फुटून वर येते. गरम यंत्राचे झाकण फडके धरून उघडणाऱ्या एका कोवळ्या मुलाची छाती आणि गळा मी भाजलेला पाहिला आहे. तेव्हापासून मी साइटवर गेलो आणि यंत्र गरम असेल, तर कोणाचाही कितीही तगादा असो, झाकणाला हात लावू देत नाही. इंजिन स्लोवर थोडे चालवून बंद करावे आणि वरचा होज हाताने दाबता येईपर्यंत थांबावे. तासाचे पैसे जातात हे खरे आहे, जाऊ द्यावेत.

सगळीच यंत्रे मला उमगली असे नाही. एक यंत्र असे होते, की त्याची कैफियत ऑपरेटर मोठ्या हुशारीने देई, पण प्रत्येक वेळी ती निराळी असे. कधी सकाळी तापे, कधी सबंध दुपार ४३ अंशांत शांत राही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, तेलात पाणी नव्हते, दुसरा थर्मामीटर लावून काटा तपासला तर तो खरे बोलत होता. मी त्यावर पुष्कळ वेळ घालविला आणि शेवटी मालकाला सरळ सांगितले, की मला कळत नाही, तुम्ही दुसऱ्याला दाखवा. त्याने ते दुसऱ्याला न दाखविता विकून टाकले. ते यंत्र आज कुठे आहे आणि तापते की नाही हे मला ठाऊक नाही. समोरून कोणी त्या रंगाचे छोटे पोकलेन ट्रेलरवर घेऊन चालला असेल तर मी अजूनही नंबर पाहतो.

राहता राहिला मोबदल्याचा प्रश्न. नवा भाग बसविला तर मजुरी मागता येते. तो भाग दाखविता येतो, जुना मालकाच्या पायाशी टाकता येतो. परंतु टपरीवर बसून चार प्रश्न विचारले आणि झडपेची चावी सैल केली, याचे पैसे मागितले तर मालक प्रामाणिकपणे चकित होतो. "तुम्ही केलं काय?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता येण्याचा आकार निराळा आणि कामाचा निराळा, हे मी निघण्यापूर्वीच फोनवर सांगून टाकतो. काही जण तेवढ्यावरच दुसरा मिस्त्री पाहतात, आणि तो येऊन आधी वॉल काढतो. ग्रीसवाल्या मालकाने त्या दिवशी मला चहा पाजून वाटेला लावले होते. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, आणि मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मिस्त्री, परवापासून तापायलीय, फक्त ब्रेकर लावल्यावर, आन् दोन-अडीच तास झाल्यावर." मी त्याला तेलाचा कूलर पुढे झुकवून मागची फट पाहण्यास सांगितले. संध्याकाळी त्याने पुन्हा फोन करून फटीतून काय निघाले त्याचे सविस्तर वर्णन केले, मुलाबाळांची चौकशी केली आणि फोन ठेवला. अशा फोनचा आकार किती लावावा, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.